शिवप्पा आणि चौदा तोंडांची पेटी

आमच्या तंत्रनिकेतनात प्राचार्यांच्या खोलीत नवा पंखा बसवला, तो पहिले दोन दिवस फिरलाच नाही. बिघाड काही नव्हता. शिवप्पा वायरमनचं म्हणणं असं, की त्याची आणि पंख्याची अजून ओळख झालेली नाही. सोलापूरचा एप्रिल महिना, खोलीवर पत्रा, प्राचार्य वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेतायत, आणि हा गडी शिडीवर बसून पंख्याच्या वायरीला विचारतोय, "गाव कुटलं? कुनाच्यातली तू? हितं कुनाकडं आलीस?"

हसा, हसा. मीही हसलो होतो.

मी तिथं स्टोअरकीपर. माझी पदवी मोठी नाही, पण किल्ल्यांचा फळा माझ्या डोक्यामागं टांगलेला असायचा आणि मागणीपत्रावर दोन सह्या असल्याशिवाय मी कुणाला खिळासुद्धा दिलेला नाही. प्राचार्यांनाही नाही. लोक माझ्या पाठीमागं मला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी शिवप्पा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खाकी अर्धी चड्डी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या खिशातून एक टॉर्चचा सेल आणि वायरीला टांगलेला इवलासा बल्ब डोकावतोय. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"गाव कुटलं?"

"वेळापूर."

"कुनाच्यातले?"

सांगितलं.

"हितं कुनाकडं?"

"कुणाकडं नाही. लॉजवर उतरलोय."

त्यानं डोळे मिटून थोडा वेळ विचार केला. "वेळापूरच्या शाळंत आमच्या दुधनीचा एक मास्तर हुता. लई मारायचा. त्यो शिकवला आसंल की तुमाला."

शिकवलं होतं. चौथीत दोनदा नापासही केलं होतं. मी कबूल केलं.

"मग तुमी आमचं पावनं की," शिवप्पा म्हणाला, आणि झालं. त्या दिवसापासून मी पावनं. पोरांसमोर पावनं, शिपायांसमोर पावनं, ऑडिटला आलेल्या साहेबांसमोरही, "पावनं, जरा सुतळी द्या की." मी एकदा त्याला बाजूला घेऊन बजावलं, की हे ऑफिस आहे, इथं मला साहेब म्हणायचं. तो म्हणाला, "व्हय पावनं."

दुधनीकडं घरात कानडी आणि बाजारात मराठी. शिवप्पाची शाळा कानडी, ती पण चौथीपर्यंत. त्यामुळं तो बोलायचा मराठीत आणि लिहायचा कानडी अक्षरांत. त्याची एक वही होती. कॉलेजातली प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठं जाते ते त्यात लिहिलेलं, पण शिवप्पाखेरीज ते वाचणारा माणूस कॉलेजात नव्हता. मी एकदा म्हटलं, "अरे, उद्या तुला काही झालं तर आम्ही काय करायचं?" तो म्हणाला, "मला काय हुतंय? मी वळख न्हाय तितं हातच लावत न्हाय."

हे त्याचं ब्रीदवाक्य. वळख न्हाय तितं हात न्हाय. ते खरं किती, हे घाटगे सरांना पहिल्याच वर्षी कळलं. घाटगे सर इलेक्ट्रॉनिक्सचे तरुण व्याख्याते, पुण्याहून शिकून आलेले, हुशार पण उतावीळ. प्रयोगशाळेत त्यांनी एक हिरवी वायर उचलली. हिरवी म्हणजे अर्थिंगची, वीज नसलेली, पुस्तकातही तसंच. शिवप्पानं त्यांचं मनगट धरलं. व्याख्यात्याचं मनगट रोजंदारीवरच्या वायरमननं धरलं म्हणून सर लाल झाले. शिवप्पानं खिशातला टेस्टर काढून त्या हिरव्या वायरीला टेकवला, आणि टेस्टरमधला दिवा लागला. आधीच्या कुणी महाभागानं हाताला लागेल त्या रंगाची वायर ओढली होती.

"रंगावर जाऊ नगा सर," शिवप्पा म्हणाला. "रंग बगून सोयरीक करनारा फसतोय."

सर पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून होते. त्यानंतर त्यांनी शिवप्पाला कधी अरे-तुरे केलं नाही.

पण एवढं असून शिवप्पा नऊ वर्षं रोजंदारीवरच. कायम करायला जागा नव्हती, आणि जागा होती तेव्हा त्याच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं. राहायचा पंपाच्या खोलीत, मोटारीशेजारी वळकटी टाकून. सकाळी पाच वाजता पंप त्यानंच लावायचा, रविवारीसुद्धा, कारण हॉस्टेलची पोरं रविवारीच अंघोळ करतात. आम्ही सगळे धरून चाललो होतो, की एकटा जीव सदाशिव आहे.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. मुंबईच्या एका कंपनीनं आपला जुना कॉम्प्युटर मोडीत काढला आणि तो आमच्या कॉलेजला दान दिला. कॉम्प्युटर हा शब्द सोलापुरात तेव्हा वर्तमानपत्रापुरताच होता. ट्रक आला तेव्हा अर्धं कॉलेज फाटकावर. उतरली काय, तर तीन लोखंडी कपाटं आणि एक वेगळी पेटी. कपाटं म्हणजे यंत्र, आणि पेटी म्हणजे त्याला वीज पुरवणारी. पेटी उचलायला सहा माणसं लागली. तिच्या पाठीतून केबली लोंबत होत्या, आणि प्रत्येक केबलीच्या टोकाला वेगळं तोंड. एक गोल, सहा भोकांचं. एक चपटं, नऊ पिनांचं. एक अंगठ्याएवढं जाड तांब्याचं. एक इतकं बारीक, की दोनच पिना. मी मोजून रजिस्टरात नोंद केली: तोंडं, नग चौदा.

कुठलं तोंड कुठं बसतं ते सांगणारं पुस्तक मात्र ट्रकमध्ये नव्हतं. ते मुंबईतच राहिलं. आम्ही तीन पत्रं पाठवली. तिन्हींना उत्तर एकच, शोध चालू आहे. कंपनीचा इंजिनिअर येतो येतो म्हणाला आणि मग फोनवरही येईना.

घाटगे सरांकडं कॉम्प्युटरवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात असल्या यंत्राचा फोटोही होता. शिवप्पानं तो बारकाईनं पाहिला, पान उलटून मागंही पाहिलं.

"ह्येच्यात मागची बाजू न्हाय," तो म्हणाला. "नवरी पाटमोरी दावल्याबिगर काय कळतंय."

प्रकरण साधं नव्हतं. चुकीचं तोंड चुकीच्या जागी बसलं असतं तर जिथं पाच व्होल्ट पाहिजेत तिथं तीस गेले असते आणि दान मिळालेला कॉम्प्युटर पाच मिनिटांत भंगार झाला असता. प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावून सरळ सांगितलं. पुढच्या महिन्यात तंत्रशिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार. त्या दिवशी यंत्र चालू दिसलं, तर कॉलेजला कॉम्प्युटरची प्रयोगशाळा मंजूर, आणि तिच्याबरोबर वायरमनची एक कायम जागा, वर्कशॉपमागच्या क्वार्टरसकट. नाही चाललं, तर यंत्र दुसऱ्या कॉलेजला जाणार आणि जागाही त्याच्याबरोबर. "ती जागा मी शिवप्पाला देईन," प्राचार्य म्हणाले. "सर्टिफिकेटचं माझ्यावर सोडा."

शिवप्पानं जागेबद्दल काही विचारलं नाही. पगाराबद्दल नाही. त्यानं एवढंच विचारलं, "क्वार्टरात चूल पेटवू देत्यात का?"

"अहो, क्वार्टर म्हणजे घरच ते," प्राचार्य म्हणाले. "चूल पेटवा, नाहीतर स्टोव्ह."

"मग हुतंय," शिवप्पा म्हणाला. बाहेर आल्यावर मी त्याची थट्टा केली, की एकट्या माणसाला चूल कशाला, खानावळवाला उपाशी मरेल की. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत डोकावलो, तर शिवप्पानं सगळ्या केबली फरशीवर मोकळ्या सोडल्या होत्या आणि स्वतः भिंतीला टेकून बसला होता. दुपारी गेलो, तसाच. घाटगे सर माझ्या कानात कुजबुजले, "हा झोपलाय का हो?"

झोपला नव्हता. बघत होता. "सर, दहा-बारा वर्सं येकाच जागी वाकून ऱ्हायलेली वायर हाय ही. मोकळी सोडली की मान तिकडंच वळवती. जरा दम धरा, ती सोताच सांगती कुटं नांदत हुती."

आणि खरंच. संध्याकाळपर्यंत त्या केबली आपापल्या सवयीनं वळल्या होत्या. एक डावीकडं, एक खाली, एक पार उलटी फिरून. शिवप्पानं प्रत्येकीची मान कपाटाच्या पाठीशी ताडून पाहिली. मग कपाटाच्या पाठीवरची धूळ. वर्षानुवर्षं जिथं प्लग बसलेला असतो तिथं धूळ बसत नाही, स्वच्छ गोल राहतो. गोलाचं माप घेतलं. मग भिंगातून पिना पाहिल्या, कुठल्या जास्त घासल्यात, कुठल्या कमी. एका गोल तोंडाला सहा भोकं होती, पण त्यातलं एक मुद्दाम बुजवलेलं. मी म्हटलं, "मोडलंय वाटतं."

"मोडलं न्हाय पावनं. चुकीचा मानूस आत शिरू नये म्हून येक दार बंद केलंय. आता असं कपाट हुडकायचं, जितं येक पिन कमी हाय."

मिळालं. दुसऱ्या कपाटाच्या खाली.

एवढं झाल्यावर मग सेल आणि बल्ब. यंत्रातली वायर एका बाजूनं धरायची, दुसऱ्या बाजूनं एकेक पिन चाचपायची, बल्ब लागला की समजायचं, ही नी ती एकच. प्रत्येक तोंडाला तेच तीन प्रश्न, आणि उत्तर मिळालं की चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्या माझ्याकडून. त्यानं चाळीस मागितल्या, मी मागणीपत्र मागितलं, त्यानं कानडीत भरून आणलं. मी दोन सह्या मागितल्या. त्यानं दोन्ही सह्या स्वतःच केल्या होत्या, एक उजव्या हातानं आणि एक डाव्या. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळेझाक केली.

अकरा दिवसांत तेरा तोंडं लागली. घाटगे सरांनी मीटर लावून एकेक जोडणी तपासली, आणि अकराव्या दिवशी वही मिटून म्हणाले, "शिवप्पा, मी कॉलेजात चार वर्षं काय शिकलो हो?"

राहिलं चौदावं. ते दोन पिनांचं, शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक वायरीचं. त्याची जागा सापडली होती, पण तिथंच शिवप्पाला शंका आली. अंगठ्याएवढी जाड केबल यंत्राच्या ज्या तांब्याच्या पट्टीवर जात होती, त्याच पट्टीवर ही बारकीही जात होती. बल्ब तेच सांगत होता.

"येका घरी येकाच कामाला दोन पावनं कशाला?" शिवप्पा म्हणाला. "समदी वीज जाड नेती. ही काय नेनार? ही जादा हाय. भावकीत आसत्यात तशी, नुसतं नावाला." आणि त्यानं ती गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवली. घाटगे सरांनाही ते पटलं. मलाही पटलं, पण माझ्या पटण्याला कोण विचारतंय.

बटण दाबलं. पेटीनं घूं केलं. मग ठक्. तांबडा दिवा लागला आणि सगळं बंद.

पुन्हा दाबलं. घूं, ठक्.

तीन दिवस हेच. घूं, ठक्. तेरा तोंडं काढून पुन्हा तपासली, एकही चुकलेलं नाही. साहेबांच्या पाहणीला सहा दिवस उरले. प्राचार्यांनी तर यंत्र दुसऱ्या कॉलेजला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदासुद्धा केला. मीच त्यांना कोरा कागद दिला होता. शिवप्पा जेवेना. पंपाच्या खोलीत जाईना. वर्कशॉपमागं जाऊन त्या रिकाम्या क्वार्टरकडं बघत उभा राहायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला कायम व्हायची फार हौस होती.

गुरुवारी दुपारी तो माझ्याकडं आला. हातात कापडी पिशवी. "पावनं, येखादं जुनं पोतं द्या की. पिशवीत मावंना."

"काय मावेना?"

त्यानं माझ्या टेबलावर एकेक जिन्नस काढला. तांदूळ, गूळ, तेलाची बाटली, साबणाच्या चार वड्या, काड्यापेट्या, पोहे, एक खणाचा तुकडा. एवढं एका पिशवीत दाबून दाबून भरत होता.

"कुणाला हे?"

"दुधनीला. घरी."

"घरी कोण?"

शिवप्पा माझ्याकडं बघतच राहिला. "बायकू की," तो म्हणाला.

नऊ वर्षं. त्यानं आम्हा सगळ्यांची गावं, घराणी, मामे-मावश्या पाठ केल्या होत्या, आणि तुझं घरी कोण रे, एवढं एक वाक्य आमच्यापैकी कुणी त्याला विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी त्याला स्टुलावर बसवलं.

दुधनीत भावांच्या वाटणीत आलेली एक खोली, तिथं बायको. सोलापुरात हा पंपाच्या खोलीत, तिथं बायकामाणसाला परवानगी नाही. नागपंचमी आणि दिवाळीला जायचं तेवढंच. दुधनीच्या एका आडत्याचा मुनीम दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं सोलापूरच्या बाजाराला यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. त्याच्याबरोबर ही पिशवी भरून जायची. पुढच्या गुरुवारी रिकामी होऊन परत यायची. पण अगदी रिकामी नाही. आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तशी तीही पिशवीत काहीतरी घालायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तेच पत्र.

"मूठभर जुंधळं आलं की समजायचं, पुरलं, समदं बरं हाय. कांदा आला की कमी पडलं. लसूण आला की अंगात बरं न्हाय."

"आणि शेंगा आल्या तर?"

शिवप्पा लाजला. पंचेचाळिशीचा माणूस, विभूतीच्या पट्ट्यांपर्यंत लाजला. "शेंगा म्हंजे कवा येताय," तो म्हणाला.

"मग आज काय आलं?"

"कायबी न्हाय. पिशवीच आली न्हाय. मुनीम म्हनला, घ्यायची इसरली. खरं का खोटं, कुनाला ठावं. हितं दुसरी पिशवी हुती म्हून भरायला घेतली. पुरलं का न्हाई कळंना, तवा म्हटलं, जादाच जाऊ दे."

बोलता बोलता त्यानं सगळं परत भरून वर खणाचा तुकडा पिशवीत कोंबला, आणि पिशवीची तळाची शिवण टर्रकन उसवली. तांदूळ माझ्या रजिस्टरावर, रजिस्टरावरून फरशीवर. मी ओरडायला तोंड उघडलं, पण शिवप्पाकडं बघून मिटलं. तो ती फाटकी पिशवी हातात धरून बसला होता, आणि बघत कुठं होता ते मला कळेना.

"पावनं," तो हळूच म्हणाला, "पेटीलाबी निरोप येत न्हाय."

"कसला निरोप?"

"ती बारकी वायर वीज न्यायला न्हाईच. ती परत येनारी हाय. तितं किती पोचलं ते पेटीला सांगायला. मी तिला बांधून ठिवली. आता पेटीला कळंना पोचलं का न्हाई, म्हून ती जादा भरती, आनि जादा भरती. आनि समदं फाटायच्या आदी सोताच घाबरून बंद हुती."

तो पळाला. शिवप्पा पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. तांदूळ तसेच टाकून, स्टोअर उघडं टाकून, त्याच्यामागं मीही पळालो. स्टोअर उघडं टाकायची माझीही ती पहिलीच वेळ.

घाटगे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या पुस्तकात असल्या वायरीबद्दल एक ओळ होती, त्यांनी वाचलीही होती. शिवप्पानं सुतळी सोडली. बारक्या वायरीला हातात घेऊन म्हणाला, "चुकलं गं माजं," आणि तिला तिच्या जागी बसवली. बटण दाबलं.

घूं. आम्ही तिघं ठक्ची वाट बघत उभे. ठक् झालंच नाही. मधल्या कपाटावरची बारीक बारीक दिव्यांची रांग उजळली, आणि मग आमच्या लक्षात आलं, की याच्यापुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. तासाभरानं घाटगे सरांनी पुस्तक बघून बघून यंत्राला दोन अधिक दोन विचारलं. रांगेतला एकच दिवा लागला. प्राचार्य चष्मा पुसून म्हणाले, "यात चार कुठं आहेत?"

"पहिला दिवा एकाचा, दुसरा दोनाचा, हा तिसरा चाराचा. तो एक दिवा म्हणजेच चार, सर."

"बरं बरं," प्राचार्य म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं.

मी त्या दिवशी स्टोअरची सुतळी आणि दाभण काढून ती पिशवी तळाशी शिवून दिली. मागणीपत्राशिवाय. तांदूळही वेचून दिले. संध्याकाळच्या गाडीनं पिशवी गेली, आणि पुढच्या गुरुवारी जुंधळे आले. मुनीम खरंच विसरला होता.

पाहणी झाली. खात्याच्या साहेबांनी चिठ्ठ्यांवरची कानडी अक्षरं बघून विचारलं, "हे कुठल्या देशातल्या कंपनीचं काम?" शिवप्पानं उत्तर द्यायच्या आधी त्यांचं गाव विचारलं. साहेब म्हणाले पुणे. त्याच्याआधी? सातारा. आईचं माहेर? ते निघालं अक्कलकोटाजवळ, म्हणजे दुधनीच्या शेजारीच. "मग तुमी आमचं भाचं की," शिवप्पा म्हणाला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. पण साहेब चांगले. त्यांनी अकरा दिवसांची सगळी हकिकत उभ्या उभ्या ऐकली आणि शेऱ्यात स्वतःहून दोन ओळी जादा लिहिल्या.

चार महिन्यांनी हुकूम आला. क्वार्टरची किल्ली फळ्यावरून काढून मी शिवप्पाच्या हातात दिली. दोन खोल्या, मागं मोरी. त्यानं आठ दिवस चुना लावला, चूल घातली. मग गुरुवारी पिशवीत बाकी काही न घालता नुसती ती किल्ली टाकली आणि मुनिमाच्या हवाली केली. तोंडी निरोप द्यायला शिवप्पा तयार नव्हता. "मुनीम सांगताना चार शब्द इकडचं तिकडं करतोय," म्हणे.

पुढच्या गुरुवारी फाटकावर थांबायचा त्याला धीर निघेना. स्टेशनवर निघाला. मला तिथं एक पार्सल सोडवायचं होतं, म्हणजे तसं मी सांगितलं, आणि सायकल घेऊन त्याच्याबरोबर गेलो. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो.

"पावनं," मग तो म्हणाला, "लगीन होऊन नऊ वर्सं झाली. दिवस मोजलं तर दोघं येकत्र सा म्हैनंबी ऱ्हायलो नसंल. मी तिला आवडतो का न्हाई, ह्ये इचारायला येळच गावला न्हाय बगा. आता घर केलंय. आनि ती न्हाई म्हनली तर?"

"येईल रे," एवढंच म्हटलं, आणि ते मलाच पोकळ वाटलं.

गाडी आली. मुनीम उतरला, दोन्ही हात मोकळे.

"पिशवी?" शिवप्पानं विचारलं.

"दिली न्हाय तिनं," मुनीम म्हणाला. "म्हनली, आता पिशवीचं काय काम." आणि बाजाराची घाई होती म्हणून तो निघूनही गेला.

शिवप्पा परत बाकावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. मला त्याच्याकडं बघवेना, म्हणून मी गाडीकडं बघत राहिलो. त्यामुळं बायकांच्या डब्यातून उतरणारी ती मला आधी दिसली. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, एका हातात वाकळ आणि तवा, खांद्याला पिशवी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पिशवीच्या तळाला माझ्या हातची सुतळीची शिवण होती, ती ओळखली.

मी शिवप्पाच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. ती समोर येऊन थांबली. पदर सारखा केला. सगळ्या जगाला तीन-तीन प्रश्न विचारणारा माणूस नुसता उभा. शेवटी घसा खाकरून कानडीत म्हणाला, "ऊटा आतेनु?" जेवलीस का, एवढंच.

तिनं मानेनं नाही म्हटलं. त्यानं तिच्या डोक्यावरची ट्रंक काढून आपल्या डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. रीतीप्रमाणं तो पुढं, ती दहा पावलं मागं, आणि त्यांच्याही मागं मी, सायकल हातात धरून. बाजाराचा दिवस, रस्त्यात बैलगाड्या, हातगाड्या, माणसांची ही दाटी. शिवप्पा दर थोड्या पावलांवर थांबायचा, डोक्यावरची ट्रंक सावरत सगळाच्या सगळा मागं वळायचा आणि तिला बघायचा. आणि ती दर वेळी, आलेय, अशी मान हलवायची.